भुईमूग वर हिरवागार, खाली पोचट: परसबागेत या चुका टाळा

झाडे उपटल्यावर खाली जेमतेम चार-दोन शेंगा निघाल्या आणि त्यांतल्याही निम्म्या पोचट, ही भुईमुगाबद्दल परसबागेतून आणि गच्चीवरून येणारी नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा ती अशा वाफ्याबद्दल असते, ज्याचा पाला शेवटपर्यंत दृष्ट लागण्यासारखा होता. कारण असे, की आपण टोमॅटो-वांग्यांच्या सवयीने पाने पाहून झाडाची प्रकृती ठरवतो. भुईमुगाचा निकाल मात्र मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत लागतो आणि खाली दिलेल्या बहुतेक चुका या ना त्या मार्गाने त्याच थराशी येऊन मिळतात.

बियाण्यापासून सुरू होणारी गडबड

किराणा दुकानातील सोललेले दाणे पेरू नयेत. ते किती जुने आहेत हे कळत नाही, यंत्रावर फोडताना अनेकांची साल निघालेली असते आणि लाल साल खरचटलेला दाणा उगवण्याआधीच जमिनीतल्या बुरशीला बळी पडतो. शेंगा विकत घ्याव्यात, पेरणीच्या आठवडाभर आधी हाताने फोडाव्यात आणि टपोरे, अखंड दाणे निवडावेत. दाणे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची हौसही टाळावी, कारण फुगलेल्या दाण्याची साल सुटते आणि डाळिंब्या वेगळ्या होतात. त्याऐवजी किलोला 5 ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावा, त्यानंतर रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू) लावावे आणि दाणे सावलीत सुकवून लगेच पेरावेत.

घरच्या बागेसाठी उपट्या, म्हणजे न पसरता उभे वाढणारे वाण सोयीचे ठरतात. एसबी-11, फुले प्रगती किंवा भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी-24 हे त्यांतले परिचित वाण आहेत. पसऱ्या वाणांना जागा फार लागते आणि कुंडीत तर त्यांच्या फांद्या काठाबाहेर लोंबत राहतात. उपट्या वाणासाठी दोन ओळींत 30 सेंमी, दोन रोपांत 10 सेंमी आणि खोली 5 सेंमी एवढे धरावे. उन्हाळी पेरणी थंडी ओसरल्यावर, म्हणजे रात्रीचे तापमान 18 अंशांच्या वर टिकू लागल्यावर करावी. डिसेंबरच्या कडाक्यात पेरलेले दाणे मातीत नुसते पडून कुजतात.

नत्राचा सोस

भुईमूग द्विदल असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधून देतात. त्याला दर पंधरवड्याला युरिया किंवा शेणस्लरी पाजली, तर गाठी आळसावतात, झाड पाल्यातच दंग होते आणि शेंगा कमी धरतात. शंका असेल तर महिन्याचे एक रोप मुळासकट हलकेच उकरून काढावे आणि मुळावरची गाठ नखाने चिरून पाहावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर गाठ कामाला लागलेली आहे, पांढरट किंवा हिरवट दिसला तर नाही. गाठी चांगल्या असतील तर पेरणीपूर्वी मिसळलेले कुजलेले शेणखत पुरेसे होते. ते खरोखर कुजलेलेच असावे, कारण कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळांसह शेंगांचाही फडशा पाडतात.

आऱ्या सुटताना केलेला हस्तक्षेप

पेरणीनंतर सुमारे 25 ते 30 दिवसांनी पिवळी फुले येऊ लागतात. फूल सकाळी उमलते, स्वतःच्याच परागाने फळते आणि त्याच दिवशी कोमेजते. काही दिवसांतच त्याच्या बुडाशी जांभळट, टोकदार आरी दिसू लागते. ती खाली वाकत मातीत शिरते आणि 4-5 सेंमी खोल गेल्यावर तिचे टोक आडवे होऊन फुगते. तीच पुढे शेंग होते. जमिनीपासून सुमारे 15 सेंमीपेक्षा उंच लागलेल्या फुलांच्या आऱ्या सहसा मातीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून खुरपणी करून माती भुसभुशीत करण्याचे आणि झाडाच्या बुडाशी हलकी भर देण्याचे काम पहिल्या 40 दिवसांत उरकून घ्यावे. त्यानंतर खुरपे बाजूला ठेवावे आणि तण दिसलेच तर हाताने अलगद उपटावे. नीटनेटका वाफा आवडणाऱ्यांना हे जड जाते, पण 45 दिवसांनंतरची प्रत्येक खुरपणी डोळ्यांना न दिसणाऱ्या शेंगा तोडत असते.

पालापाचोळ्याच्या जाड आच्छादनाचेही असेच आहे. इतर भाज्यांना ते वरदान असले, तरी भुईमुगाच्या आऱ्या त्या थरातच अडकून वाळतात. फुले दिसू लागली की आच्छादन बाजूला सारावे. काळ्या चिकण मातीची वाळून पापडी धरत असेल, तर आऱ्यांची टोके तिच्यावर आपटून थांबतात. अशा मातीत पेरणीपूर्वीच वाळू आणि भरपूर कंपोस्ट मिसळलेले असावे. नंतर त्यावर फारसा उपाय उरत नाही.

पोचट शेंगांचे खरे कारण

टरफल पूर्ण वाढलेले आणि आत दाणा नाही, किंवा सुरकुतलेला दाणा, हे लक्षण बहुतेक वेळा कॅल्शियमच्या कमतरतेचे असते. इथे भुईमूग इतर पिकांहून वेगळा वागतो. मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर पानांकडे वर जाते आणि तिथून खाली शेंगेकडे परत येत नाही. मातीत गाडलेल्या शेंगेतून बाष्प उडत नसल्याने तो ओघ तिच्याकडे वळतही नाही. शेंगेला तिच्या टरफलाला लागून असलेल्या मातीतूनच थेट कॅल्शियम घ्यावे लागते. त्यामुळे पानांवर कॅल्शियम फवारून काही साधत नाही. शिफारशीप्रमाणे हेक्टरी 400 किलो जिप्सम (कॅल्शियम पुरवणारे खनिज) दोन हप्त्यांत देतात, म्हणजे चौरस मीटरला पेरणीच्या वेळी 20 ग्रॅम आणि आऱ्या सुटताना 20 ग्रॅम. पंधरा इंच व्यासाच्या कुंडीला दर वेळी लहान चमच्याचा अर्धा भाग पुरतो. दुसरा हप्ता बुडाभोवती, आऱ्या शिरतात तिथेच पसरून हलके पाणी द्यावे. कोकणातील आम्लधर्मी तांबड्या मातीत मुळातच कॅल्शियम कमी असते, तेव्हा तिथे हा हप्ता चुकवून चालत नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. कुटलेली अंड्याची टरफले इतकी सावकाश विरघळतात, की त्याच हंगामातल्या शेंगांना त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. केळीच्या सालींचे पाणी या टप्प्यावर उलटे पडू शकते, कारण शेंगांच्या थरात पालाश (पोटॅश) फार झाले की ते कॅल्शियम घेण्यात अडथळा आणते. फळझाडांना ते खुशाल द्यावे.

आणि जिप्सम देऊनही वरची माती कोरडी राहिली, तर ते विरघळणार कुठून? ठिबकची एकच नळी खोडाशी लावली, की मुळे ओली राहतात आणि आऱ्यांची जागा कोरडी पडते. आऱ्या सुटण्यापासून दाणा भरेपर्यंत पूर्ण पृष्ठभाग ओलसर राहील, पण पाणी साचणार नाही, अशा बेताने झारीने पाणी द्यावे.

पिवळी पाने, ठिपके आणि चोर

कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती चुनखडीयुक्त जमिनीतील लोहाची कमतरता असते. अति पाण्याने ती वाढते. आधी पाणी कमी करावे आणि मग लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) व 1 ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून फवारावे. पानांवर काळपट गोल ठिपके, त्यांभोवती पिवळे वलय दिसले तर तो टिक्का रोग होय. खालची रोगट पाने काढून जाळावीत आणि संध्याकाळी पानांवरून पाणी घालणे थांबवावे. उंदीर, घुशी आणि खारी यांच्यावर मात्र वाफ्याभोवती मातीत पुरलेली बारीक लोखंडी जाळी हाच त्यातल्या त्यात खात्रीचा बंदोबस्त आहे.

काढणीची घाई आणि त्याहून वाईट दिरंगाई

उपट्या वाण खरिपात साधारण 100 ते 115 दिवसांत तयार होतात, उन्हाळ्यात थोडा अधिक काळ लागतो. पण दिवस मोजण्यापेक्षा शेंग फोडून पाहणे बरे. दोन वेगवेगळ्या झाडांच्या शेंगा उकराव्यात. टरफलाची आतली बाजू पांढरी आणि स्पंजासारखी असेल तर थांबावे. चारांपैकी तीन शेंगांत ती तपकिरी-काळी झाली असेल आणि दाण्यावर वाणाचा रंग चढला असेल, तर काढणी करावी. उपट्या वाणांच्या दाण्यांना बहुधा सुप्तावस्था नसते, त्यामुळे पक्व शेंगांवर पावसाची एखादी जोरदार सर आली की दाणे जमिनीतच मोडावतात. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना झाड मुळाशी धरून सरळ उपटावे. कोरड्या, कडक मातीत ओढल्यास देठ तुटतात आणि भरलेल्या शेंगा खालीच राहतात.

उपटलेली झाडे शेंगा वर येतील अशी उलटी करून दोन-तीन दिवस उन्हात ठेवावीत, मग शेंगा तोडून त्या हलवल्यावर दाणे खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात. ओल राहिलेल्या शेंगा हवाबंद डब्यात भरणे हा यातला सर्वांत घातक प्रमाद आहे. त्यांवर वाढणारी हिरवट-पिवळी बुरशी अफलाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते भाजल्याने किंवा उकडल्याने पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी आलेली, कुरतडलेली किंवा कडवट लागणारी शेंग टाकून द्यावी, गुरांनाही घालू नये. पुढच्या पेरणीसाठी ठेवायच्या शेंगा न फोडता, तीव्र उन्हाऐवजी सावलीत सुकवून गोणपाटाच्या पिशवीत, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. उन्हाळी पिकाच्या दाण्यांची उगवणशक्ती लवकर उतरते, म्हणून ते बियाणे येत्या खरिपातच वापरून टाकावे.