उपटण्याआधी नकाशा: सभासदांच्या शेताचा हंगाम आवरताना

बाकी काही जमलं नाही तरी हे एक करा: एकही झाड उपटण्याआधी वाफ्यांचा नकाशा काढा. गेल्या हंगामात आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. आधी शेत रिकामं झालं, नकाशा नंतर काढू म्हटलं, आणि रिकामे वाफे सगळे सारखेच दिसतात.

पेरणीच्या वेळचा नकाशा आहे की, असं म्हणू नका. तो बेत असतो. सभासदांसाठी पिकवायचं, म्हणजे हप्ते भरणाऱ्या सभासदांना नेमाने भाजीची पेटी पोचवायची, तर एका वेळी वीस-पंचवीस पिकं; मध्येच पालक संपतो आणि तिथे मुळा जातो, मर रोगाने सुकलेली काकडी काढून घेवडा टोकला जातो. शेवटी कुठे काय उभं आहे ते वही घेऊन, वाफ्यावाफ्याने चालत गेलं तरच कळतं. वाफ्याला पिकाच्या नावाने ओळखू नका, क्रमांक द्या. क्रमांकाची खुंटी वाफ्याच्या डोक्याशी, मशागतीत निघणार नाही अशी ठोका. नकाशावर विहीर, बांध, मोठं झाड असं न हलणारं काहीतरी हवंच. प्रत्येक क्रमांकापुढे पीक, वाण, लावणीची तारीख, शेवटचा तोडा आणि दिसलेला रोग. अर्ध्या वाफ्यात एक आणि अर्ध्यात दुसरं पीक असेल तर टेपने मोजा, अंदाज नको. खुंटीचा आकडा दिसेल असा फोटोही घ्या, पण फोटो म्हणजे नकाशा नव्हे.

एवढा आग्रह का, तर पुढच्या हंगामाची फेरपालट, म्हणजे वाफ्यावाफ्यातली पिकं बदलणं, पूर्ण यावर उभी आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातली. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी दुसऱ्या. त्याच कुळाचं पीक त्याच वाफ्यात परत यायला निदान तीन वर्षं जावीत, नाहीतर मातीतले रोग ठाण मांडतात. बेवड कशाची, म्हणजे वाफ्यात आधी कोणतं पीक होतं, हेच माहीत नसेल तर फेरपालट करणार कशाच्या जोरावर?

नकाशा झाला? मगच उपटा. आणि उपटताना मुळं बघा, ही संधी वर्षातून एकदाच येते. मुळावर गाठी दिसल्या तर बोटाने चोळा. घेवडा, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, चोळल्या की सुटतात, फोडल्या तर आतून गुलाबी निघतात. त्या हवेतला नत्र धरणाऱ्या, चांगल्या. टोमॅटो, भेंडी, काकडीचं मूळच जागोजागी सुजलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. तो क्रमांक नकाशावर लाल करा. सूत्रकृमी, मर किंवा विषाणू असलेलं काहीही कंपोस्टात घालू नका. छोटा ढीग रोग मारण्याइतका तापेल याची खात्री नसते. बाहेर काढा, वेगळं नष्ट करा. निरोगी पालापाचोळा बारीक करून तिथेच पसरा.

बियाण्याची झाडं उपटणाऱ्यांच्या तावडीतून वाचवायला त्यांना आधीच रंगीत फीत बांधा. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढची पिढी सारखी येत नाही. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून मग बी धुवा, सावलीत वाळवा. पाकिटावर वाण, तारीख आणि वाफ्याचा क्रमांक. हो, पुन्हा क्रमांक.

माती तपासणीचा नमुना खत टाकण्याआधी घ्या. आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून, वरपासून 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत खड्ड्याच्या कडेची माती तासायची, मिसळायची, त्यातली अर्धा किलो ठेवायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागची माती नको. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. नकाशा नसेल तर अहवाल कोणत्या वाफ्याचा हे सांगता येणार नाही, आणि मग तपासणीचा खर्च वाया.

सभासदांना शेवटच्या पेटीची तारीख तीन आठवडे आधी कळवा. शेवटच्या आठवड्यात कळवलंत तर रिकामे क्रेट परत येत नाहीत. कोणती भाजी नको इतकी झाली आणि कोणती कमी पडली, हे पेटी चालू असतानाच विचारा, नंतर उत्तरं येत नाहीत. राहिलेल्या हप्त्यांचा हिशेबही त्याच आठवड्यात.

ठिबक गुंडाळण्याआधी नळ्यांची टोकं उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. एका वेळी थोड्याच ओळी उघडा, नाहीतर पाण्याला जोर राहत नाही आणि गाळ तिथेच बसतो. वाळलेला गाळ तोट्यांतून नंतर निघता निघत नाही. फिल्टर धुवा. नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, टोकं बंद करा म्हणजे किडे घरटी करत नाहीत, उंदरांपासून उंच टांगा. प्रत्येक गुंडाळीला वाफ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी. मल्चिंगचा कागद, म्हणजे वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक, माती किंचित ओली असताना काढा, कोरडीत फाटून तुकडे राहतात.

जमीन उघडी ठेवू नका: पाचटाचं आच्छादन, नाहीतर हिरवळीचं पीक, म्हणजे मातीला खत म्हणून घेतलेलं पीक, तेही बी धरायच्या आत कापायचं.

फवारणी पंप तीनदा विसळा. अवजारं धुवून, पुसून, तेलाचा हात. वजनकाट्याचे सेल काढा. आधाराच्या काठ्या कोरड्या जागी.

नकाशाची एक प्रत वहीत, एक फोनमध्ये, एक खोलीच्या भिंतीवर. आणि अजून काढला नसेल तर उपटणं आत्ता थांबवा.