मॅग्नेटाइटचे नॅनोकण: पेरॉक्सिडेज चाचणीतला निळा रंग पारखून घ्या

मॅग्नेटाइटचे (लोहाच्या ऑक्साइडचे) नॅनोकण पेरॉक्सिडेज या विकरासारखे वागतात, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून दुसऱ्या पदार्थाचं ऑक्सिडीकरण करतात, हे बीजिंगमधल्या शीयुन यान यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं. चाचणी सोपी आहे, म्हणूनच फसायलाही सोपी आहे.

0.2 मोलर सोडियम ॲसिटेट बफर घ्या, पीएच 3.6, आधीच 37 अंशांवर तापवलेलं. टीएमबी (ऑक्सिडीकरण झालं की निळा होणारा रंगहीन पदार्थ) डीएमएसओ या द्रावकामध्ये मिलिलिटरला 10 मिग्रॅ विरघळवा. त्याच दिवशी करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा. कणांचं द्रावण मिलिलिटरला 1 मिग्रॅ, वापरायच्या तोंडावर सोनिकेट केलेलं (ध्वनिलहरींनी कण मोकळे केलेलं) हवं. क्युवेटमध्ये 910 मायक्रोलिटर बफर, 20 मायक्रोलिटर कणांचं द्रावण, 20 मायक्रोलिटर टीएमबीचं द्रावण आणि अगदी शेवटी 30 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 50 मायक्रोलिटर (हातमोजे घालूनच, कातडी भाजते). लगेच 652 नॅनोमीटरवर शोषणाचं वाचन सुरू करा.

पेरॉक्साइड इतकं कशाला? हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या विकराचा त्यासाठीचा केएम (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती) 3.7 मिलिमोलर, तर यान यांच्या गटाच्या कणांचा 154 निघाला होता. विकराला पुरतं तेवढंच घातलं तर कण सुस्त वाटतात.

हिशोब फक्त सुरुवातीच्या सरळ उताराचा करा. मोलर शोषणांक 39,000 धरला, तर 1 सेंमीच्या क्युवेटमध्ये शोषणात मिनिटाला 0.195 वाढ म्हणजे मिनिटाला 5 मायक्रोमोलर. इथे कण 20 मायक्रोग्रॅम आहेत, म्हणजे मिलिग्रॅममागे 0.25 युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला 1 मायक्रोमोल).

आता खरी परीक्षा. आम्लात लोह विरघळतं आणि सुटे आयन फेंटन अभिक्रियेने (लोहाचे आयन आणि पेरॉक्साइड यांच्यातल्या क्रियेने) टीएमबी निळं करतात. म्हणून तितकेच कण त्याच बफरमध्ये, तितकाच वेळ, त्याच तापमानाला ठेवा, मग कण काढून वरच्या निवळीवर चाचणी करा. नुसत्या चुंबकावर विसंबू नका. बारीक कण त्याला दाद देत नाहीत, जोरात सेंट्रिफ्यूज करा. निवळीचा उतार मूळ उताराच्या जवळ गेला, तर श्रेय कणांचं नाही. कणांविना एक आणि पेरॉक्साइडविना एक असे दोन ब्लँकही लावाच.

रेषा डळमळली तर कण तळाशी बसताहेत. पुन्हा सोनिकेट करा. चुंबकी ढवळणी मात्र नको, कण तिलाच चिकटून बसतात. निळ्यावरून पिवळ्याकडे रंग झुकला तर टीएमबीचं जास्तच ऑक्सिडीकरण झालंय. कण कमी करा. आणि फॉस्फेट बफरमधून आलेले कण आधी नीट धुवा: फॉस्फेट लोहाच्या पृष्ठभागाला घट्ट धरतं आणि क्रिया मंदावते.