कधी सुरू होणारी, कधी न होणारी गाडी : मॅन्युअल गिअरच्या मोटारीतील बिघाडाचा शोध

अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड तपासणीच्या वेळी बहुधा गायब असतो, आणि त्यामुळेच अशा गाडीत आधी बॅटरी, मग स्टार्टर (इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर), मग चावीचा स्विच अशी अंदाजाने बदलाबदल होत राहते. त्याऐवजी गाडी अडेल त्या क्षणी नेमके काय पाहायचे आणि काय ऐकायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

पहिला प्रश्न असा, की चावी फिरवल्यावर इंजिन फिरते का? इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, पण पेट घेत नसेल, तर स्टार्टर आणि क्लचचा स्विच यांचा त्यात दोष नाही. इंधनपंप व त्याचा रिले (विजेने चालणारा स्विच), इमोबिलायझरचा म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवा, आणि विशेषतः गरम इंजिनावरच अडचण येत असल्यास क्रँकशाफ्टचा म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचा सेन्सर यांच्याकडे वळावे. पुढचे सर्व विवेचन इंजिन फिरतच नाही किंवा रडतखडत फिरते, अशा गाडीसाठी आहे.

अशा वेळी आवाज बरेच सांगून जातो. टकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली किंवा जोडणी सैल असण्याची शक्यता सर्वाधिक असते. एकदाच ठक् असा आवाज येऊन पुढे काहीच न होणे हे सोलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) आतील झिजलेल्या संपर्कांचे किंवा स्टार्टरच्या संपत आलेल्या कार्बन ब्रशांचे लक्षण असू शकते. अजिबात आवाज नसेल, तर सोलेनॉइडपर्यंत विजेचा आदेशच पोहोचत नसावा. गाडी थंड होती की गरम, पाऊस होता का, क्लच कितपत दाबला होता, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे.

बॅटरीची तपासणी लवकर उरकते. काही तास उभ्या असलेल्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा, आणि स्टार्टर इंजिन फिरवत असताना तो साधारण 9.6 च्या खाली जाऊ नये. टर्मिनल हाताने हलत असेल किंवा त्यावर पांढरट-हिरवट थर असेल, तर आधी ते साफ करून घट्ट करावे.

मॅन्युअल गाडीत क्लच पेडलजवळच्या स्विचवर संशय उशिरा जातो, वास्तविक तो लवकर जायला हवा. अनेक गाड्यांत पेडल तळापर्यंत गेल्याशिवाय हा स्विच स्टार्टरला परवानगी देत नाही. जाड मॅट, मागे सरकवलेले आसन किंवा पेडलवरचा तुटलेला रबरी ठोकळा एवढ्यानेही संपर्क अर्धवट राहतो. क्लच जोराने दाबल्यावर गाडी हमखास सुरू होत असेल, तर संशय बळावतो. पेडलवर दोन स्विच असू शकतात, त्यांपैकी स्टार्टरचा कोणता हे गाडीच्या वायरिंगच्या आकृतीत पाहून घ्यावे आणि मल्टिमीटरने पेडल दाबून व सोडून त्याचा संपर्क तपासावा. काही गाड्यांत हा संकेत थेट गाडीच्या संगणकाकडे जातो. तिथे तारा जोडून पाहण्यापेक्षा स्कॅनरवर (त्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) स्विचची स्थिती बदलते का ते पाहावे. स्विच कायमचा बगल देऊन ठेवणे धोक्याचे आहे, कारण मग गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच पुढे झेपावते.

यानंतरचा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून, सोलेनॉइडच्या बारीक तारेच्या टर्मिनलला फ्यूज लावलेली लांब तार जोडावी, ती सायलेन्सर आणि फिरणाऱ्या पट्ट्यांपासून दूर ठेवून आत आणावी, आणि तिला 12 व्होल्टचा लहान बल्ब जोडून त्याचे दुसरे टोक बॉडीला अर्थ करावे; मग बॅटरीची तार परत जोडावी. मीटरऐवजी बल्ब घेण्याचे कारण असे, की खराब संपर्कातूनही मीटर 12 व्होल्ट दाखवू शकतो, बल्ब मात्र मिणमिणतो. बॅटरी आणि तिच्या जोडण्या ठीक असताना, गाडी अडली त्या वेळी बल्ब लखलखीत पेटला, तर आदेश पोहोचतो आहे आणि दोष स्टार्टरमध्ये किंवा जाड तारांत आहे. तो पेटलाच नाही किंवा मंद राहिला, तर चावीचा स्विच, रिले, क्लचचा स्विच आणि मधली वायरिंग यांच्यात मागे मागे जात शोध घ्यावा.

जाड तारा तपासताना दुसऱ्या माणसाने गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून व चाकांना ओट (ठोकळे) लावून क्लच दाबून सेल्फ मारावा. त्या वेळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून स्टार्टरच्या जाड टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टहून अधिक, किंवा निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या धातूपर्यंत 0.2–0.3 व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर ती बाजू दोषी समजावी. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बाहेरून धड दिसूनही आतून गंजलेली असू शकते.

धक्का देऊन दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू झाली, तर इंधन आणि स्पार्क शाबूत आहेत एवढे कळते. पण त्याची सवय लावू नये, कारण न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हानी पोहोचवू शकते. दुरुस्तीनंतर बल्ब लगेच काढू नये. गाडी पूर्वी ज्या परिस्थितीत अडत असे, म्हणजे लांबच्या प्रवासानंतर गरम असताना किंवा ओल्या सकाळी, तशा परिस्थितीत ती वारंवार सुरू करून पाहावी आणि मगच तो काढावा.