समकालीन कलेची गट-कार्यशाळा घेताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक पहिल्या पाच मिनिटांतच होते. मोबाइलवर एखादं प्रसिद्ध चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, "चला, असंच काढू या." ज्यांचा हात चालतो ते पुढे सरसावतात, बाकीचे "मला नाही बाई जमत" म्हणून मागच्या खुर्चीत. नकलेतून समकालीन कला उमगत नाही. चित्रकार कशाशी झगडत होता, हे आधी हाताला कळायला हवं.

वासुदेव गायतोंडे घ्या. १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतलेल्या या चित्रकारानं पुढे रोलर आणि रंगाची सुरी वापरून रंगाचे थर चढवले, खरवडले. नुसतं छापील चित्र दाखवलंत तर "यात आहे काय?" हा प्रश्न येणारच. त्याऐवजी प्रत्येकाला जाड पुठ्ठा, छोटा रोलर आणि मुदत संपलेलं एटीएम कार्ड द्या. थर चढवा, कार्डानं ओरखडा, पुन्हा चढवा.

इथे पैसे वाचवायला हमखास पोस्टर कलर आणले जातात आणि सगळं फसतं. पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्यानं सुटतो. दुसरा थर लावला की खालचा उठतो आणि नुसता चिखल होतो. ॲक्रिलिकच घ्या, सुकल्यावर ते पाण्यानं सुटत नाही. मात्र खरवडायचं ते अर्धवट ओलं असतानाच, नंतर ते हलत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात थर लवकर सुकत नाहीत, तेव्हा रंग पातळ लावा आणि हेअर ड्रायर जवळ ठेवा. कागद वापरणार असाल तर चारही कडा मास्किंग टेपनं फळीला चिकटवा, नाहीतर तो फुगतो.

गटाची अडचण वेगळी असते. एका मोठ्या कागदाभोवती सगळ्यांना बसवलं की एक जण "मी सांगतो" म्हणत ताबा घेतो. यावर मला मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांची शटरवरची चित्रं फार उपयोगी वाटतात. दुकानाच्या लोखंडी शटरवर एक चित्र, ते वर गेलं की मागे दुसरं. बंदच्या दिवशी खाली ओढलेली शटरं मुंबईकरांना ओळखीची असतात, त्यामुळे भाषण लागत नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकानं पुढचा कागद रंगवायचा, दुसऱ्यानं मागचा, एकमेकांना न सांगता. मग जोडून उघडायचे. इथे पुढारपणाला जागाच उरत नाही आणि ज्यांना चित्र येत नाही त्यांचे कागद कित्येकदा जास्त बोलके निघतात.

गॅलरीत आधी नेऊन मग काम करवू नका. हात रंगल्यावर न्या, तेव्हा डोळे वेगळे झालेले असतात. मुंबईतली एनजीएमए, म्हणजे सरकारी नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, सोमवारी बंद असते. जहांगीर आर्ट गॅलरी तिथून चालत काही मिनिटांवर आहे. दोन्ही एका दमात 'उरकू' नका. एकच कलाकृती निवडा आणि तिच्यासमोर पंधरा मिनिटं थांबा. सोबत पेन्सिल आणि वही पुरे, रंग नकोत.

अर्थ तुम्ही सांगायचा नाही. "हे कोणत्या क्रमानं केलं असेल?" एवढंच विचारा आणि ज्यांनी सकाळपासून तोंड उघडलेलं नाही त्यांना आधी बोलू द्या.