ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) स्लाइडवर एमपीओ निगेटिव्ह दिसलं की लगेच लिम्फॉइड लिहिता? या चुका टाळा

एन्झाइम स्टेनचं गणित सोपं आहे, ज्या पेशीत एन्झाइम चालू असतं तिथेच रंग उतरतो. न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज (एमपीओ) भरपूर, मोनोसाइटमध्ये कमी, लिम्फोसाइटमध्ये नाहीच. फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरचे मार्कर तपासणारी टेस्ट) रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर ब्लास्ट (अपक्व पेशी) मायलॉइड म्हणजे न्यूट्रोफिल-मोनोसाइटच्या वंशाचे की लिम्फॉइड म्हणजे लिम्फोसाइटच्या, याचा अंदाज यावरूनच येतो, म्हणून हा स्टेन नीट करा.

ब्लास्ट कोरे दिसले की आधी त्याच स्लाइडवरचे न्यूट्रोफिल शोधा. त्यांच्यातच तपकिरी दाणे नसतील तर तुमचा स्टेन फसलाय, पेशंटबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. क्वचित कुणाला जन्मतःच एमपीओ कमी असतं, म्हणून नॉर्मल माणसाची कंट्रोल स्लाइडही सोबत लावायचीच. कंट्रोलही कोरी आली तर बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइडचा दोष असतो, बाटली मे महिन्याच्या उन्हात खिडकीशी पडलेली असते, मग कुणीतरी हुशारी करून दुप्पट टाकतं आणि जास्त पेरॉक्साइडने एन्झाइमच मरतं! तसंच बारामती-साताऱ्याहून पुण्याला आलेली स्लाइड चार दिवस उजेडात टेबलावर पडली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, एमपीओ उजेडात उतरत जातं.

मोजताना फक्त ब्लास्ट मोजा. 3 टक्के ब्लास्ट पॉझिटिव्ह म्हणजे मायलॉइड, हा एफएबी (फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश) वर्गीकरणाचा जुना निकष आहे, त्यात शेजारचे न्यूट्रोफिल धरले तर आकडा उगाच फुगतो. आणि एमपीओ खरंच निगेटिव्ह असलं तरी एम-झिरो, एम-सेव्हन हे मायलॉइड ल्युकेमियाचे एफएबी प्रकार राहतातच, एम-फाइव्हही बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, तेव्हा फ्लोशिवाय लिम्फॉइड लिहू नका.

मोनोसाइटसाठी नॉन-स्पेसिफिक एस्टरेज हा दुसरा एन्झाइम स्टेन लावता ना, मग सोडियम फ्लोराइडवाली दुसरी स्लाइड का गाळता? मोनोसाइटचा रंग फ्लोराइडने जातो, खूण तीच आहे. नुसता रंग बघून मोनोसाइट म्हणाल तर फसाल, कारण मेगाकॅरियोसाइटही रंगतात आणि टी-लिम्फोसाइटमध्येही एखादा ठिपका दिसतो.

एनएपी (न्यूट्रोफिल अल्कलाइन फॉस्फेटेज) स्कोअर असेल तर जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची ट्यूब नकोच. ईडीटीए मॅग्नेशियम आणि झिंक पकडून ठेवतं, अल्कलाइन फॉस्फेटेजला तेच लागतं, स्कोअर खोटा कमी येतो आणि साध्या इन्फेक्शनमुळे वाढलेला पांढऱ्या पेशींचा काउंट सीएमएलसारखा (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, त्यात स्कोअर कमी असतो) दिसायला लागतो. बोटाच्या रक्ताचा ताजा स्मिअर नाहीतर हेपरिनचा नमुना घ्या.