गावाबाहेरच्या कॉलनीत घर घेतलंय? आधी पत्रपेटीचं बघा

नोकरीमुळे अमेरिकेत एकदम खेड्यात यावं लागलेले आपले बरेच लोक आहेत, गावच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर, फॅक्टरीतले इंजिनियर. आम्ही आयोवात मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या कॉलनीत राहतो, आता बरीच वर्षं झाली. नवीन कुटुंब आलं की किराणा कुठे, शाळा कुठली हे सगळे सांगतात, पण पत्रपेटीबद्दल कोणी बोलत नाही, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो, म्हणून नीट लिहितोय.

अशा कॉलनीत बहुतेक वेळा दारात पेटी नसते. रस्त्याच्या तोंडाशी एक मोठी लोखंडी पेटी असते, तिला क्लस्टर बॉक्स म्हणतात, आमची १६ कप्प्यांची आहे आणि खाली पार्सलचे दोन मोठे लॉकर. कप्प्याचा नंबर आणि घराचा नंबर एकच असेल असं धरून चालू नका. आधी विचारा की पेटी पोस्टाची की सोसायटीची (इथे एचओए म्हणतात), कारण कुलूप बिघडलं की पोस्ट सोसायटीकडे पाठवतं आणि सोसायटी पोस्टाकडे, आम्ही असे दोन आठवडे फिरलोय. पेटी पोस्टाची असेल तर घराचे कागद आणि ओळखपत्र घेऊन काउंटरवर जा आणि कुलूप बदलूनच घ्या, फी पडते पण पडू दे, आधीच्या भाडेकरूने किल्ल्या कोणाकोणाला दिल्या होत्या ते तुम्हाला कुठे माहीत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाव. आपल्याकडे पोस्टमन काका नाव वाचून बरोबर घरात आणून देतात, नाहीतर शेजारच्या काकूंकडे ठेवतात. इथे खेड्यात कॅरियर (म्हणजे इथला पोस्टमन) बदली असला तर तो पत्रावरचं नाव आणि कप्प्याच्या आतल्या पट्टीवरचं नाव बघतो आणि जुळलं नाही तर पत्र परत जाऊ शकतं. आणि आपल्या घरात नावं किती! बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, कुठे मधलं नाव वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं, सहा महिने राहायला आलेल्या आईचं आडनाव तेच पण इंग्रजी स्पेलिंग वेगळं. माझ्या बायकोचं वर्क परमिटचं कार्ड असंच परत गेलं, पट्टीवर फक्त माझं आडनाव होतं आणि मी कधी लक्षच दिलं नव्हतं. ते परत मिळवेपर्यंत तिला जॉइनिंग पुढे ढकलावं लागलं, ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं. तर घरातल्या प्रत्येकाचं पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव एका कागदावर लिहून कॅरियरला द्या, पहिल्याच आठवड्यात.

त्याला लागूनच, इमिग्रेशनची पत्रं आणि कार्डं पोस्ट नवीन पत्त्यावर फॉरवर्ड करत नाही. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, यूएससीआयएसला (म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याला) वेगळं कळवायला लागतं आणि तेही १० दिवसांत. परत गेलेलं कार्ड ते कायम सांभाळून ठेवत नाहीत, ६० कामकाजाच्या दिवसांत योग्य पत्ता कळवला नाही तर नष्ट करतात.

इन्फॉर्म्ड डिलिव्हरी नावाची पोस्टाची फुकट सोय आहे, येणाऱ्या बहुतेक पत्रांचा पुढच्या बाजूचा फोटो सकाळी ईमेलवर येतो. ती लगेच चालू करा. फोटोत कार्डाचं पाकीट दिसलं आणि कप्प्यात नसलं तर त्याच दिवशी शेजाऱ्यांना विचारता येतं. काही पत्त्यांना ही सोय मिळत नाही, मग ट्रॅकिंग नंबरवर लक्ष ठेवा.

कधी कप्प्यात एक अनोळखी किल्ली सापडेल. ती दुसऱ्या कोणाची समजून बाजूला ठेवू नका, ती तुमचीच, पार्सल लॉकरची! तिच्यावर लॉकरचा नंबर असतो, लॉकर उघडा, पार्सल घ्या आणि किल्ली तिथेच कुलपात राहू द्या. आमच्याकडे आलेल्या एका नवीन मुलाने ती आठवडाभर घरी ठेवली आणि तोवर सगळ्या कॉलनीला एकच लॉकर उरला.

दुसऱ्याचं पत्र आलं तर फोडू नका आणि टाकूनही देऊ नका, दोन्ही इथे केंद्रीय गुन्हे आहेत. जुन्या भाडेकरूचं असेल तर त्यावर 'नॉट अ‍ॅट धिस अ‍ॅड्रेस' लिहून बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या खाचेत टाका. पेटी फोडलेली दिसली तर पोस्टाच्या इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून काही होत नाही.

थंडीत आमची कुलपं गोठतात. गरम पाणी ओतू नका, ते परत गोठून आणखी घट्ट बसतं, डी-आयसरचा, म्हणजे बर्फ वितळवणारा स्प्रे गाडीत ठेवा. पेटीपुढचा बर्फ काढला नाही तर कॅरियर टपाल न टाकता पुढे जाऊ शकतो, आमच्याकडे चार घरांनी पाळी लावलीय. इन्सुलिनसारखी औषधं टपालाने येत असतील तर लोखंडी पेटीत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही वाईट, ती पोस्टातच ठेवायला सांगा आणि जाऊन घेऊन या.

दिवाळीचा फराळ प्रायव्हेट कुरियरने येत असेल तर तो या पेटीत येणार नाही, तिथे फक्त पोस्टाचं टपाल टाकता येतं, कुरियरवाला दारात ठेवतो किंवा रस्ता सापडला नाही तर फोन करतो, म्हणून इथला चालू मोबाईल नंबर पार्सलवर लिहायला घरी सांगून ठेवा. भारतात जाणार असाल तर ३० दिवसांपर्यंत टपाल पोस्टात थांबवून ठेवता येतं, त्यापेक्षा जास्त राहणार असाल तर किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या.

आणि कॅरियरशी ओळख करून घ्या. त्याला रोख पैसे देऊ नका, ते त्याला चालत नाहीत, पण २० डॉलरपर्यंतची छोटी भेटवस्तू घेता येते. आम्ही दर दिवाळीला चकलीचा डबा देतो, आणि आईच्या नावाचं पत्र आलं की तो आता स्वतः गाडी थांबवून विचारतो, आई परत आल्या का?