आयपी फोन आणि गेटवे यांचे कोडेक कसे जुळवावेत

आयपी फोनवरून लावलेला कॉल गेटवे या दोन जाळ्यांना जोडणाऱ्या यंत्रामार्फत टेलिफोनच्या जाळ्यात जातो, तेव्हा आवाज कोणत्या कोडेकमध्ये (आवाज डिजिटल रूपात बांधण्याच्या पद्धतीत) पाठवायचा, हे दोन्ही टोकांना कॉल जोडला जात असतानाच ठरवावे लागते. एसआयपीमध्ये (आयपी जाळ्यावर कॉल जोडण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) ही बोलणी प्रस्ताव आणि उत्तर या रीतीने होतात; तिचे नियम २००२ सालच्या आरएफसी ३२६४ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात दिलेले आहेत. फोन इन्व्हाइट या कॉल सुरू करणाऱ्या संदेशातून आपल्याला चालणाऱ्या कोडेकची यादी पसंतीच्या क्रमाने पाठवतो आणि गेटवे त्यांतले स्वतःला चालणारे उत्तरात कळवतो. एकही कोडेक समान नसेल, तर कॉल सहसा ४८८ या संकेतांकाने नाकारला जातो.

प्रथम कोडेक निवडावा. डिजिटल टेलिफोन जाळ्यात आवाज जी.७११ मध्येच असतो, त्यामुळे गेटवेपर्यंत तोच वापरल्यास आवाज दाबून पुन्हा उलगडावा लागत नाही. त्याचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट असला, तरी २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांवर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या आवाज वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलांची शीर्षके चढल्यावर प्रत्येक दिशेला ८० किलोबिट लागतात, आवाज जास्त दाबणाऱ्या जी.७२९ या कोडेकचे ८ किलोबिट याच हिशेबाने २४ होतात. लाइनची क्षमता पुरत असेल, तर जी.७११ लाच पहिले स्थान द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर दोन्हीकडे तीच छोटी यादी त्याच क्रमाने भरावी, कारण काही गेटवे समोरच्याचा क्रम बाजूला ठेवून स्वतःचाच क्रम लावतात.

आता एक चाचणी कॉल करून वायरशार्क या पॅकेटे तपासण्याच्या साधनात संदेश पाहावेत. सेटिंग्जच्या पानावर विसंबून राहू नये. 'एम=ऑडिओ' या ओळीत पोर्टनंतरचे आकडे वाचावेत: ० म्हणजे जी.७११ म्यू-लॉ, ८ म्हणजे त्याचाच ए-लॉ प्रकार, १८ म्हणजे जी.७२९. ९६ ते १२७ या क्रमांकांना ठरलेला अर्थ नसतो, तो 'आरटीपीमॅप' ओळीतूनच कळतो. इन्व्हाइटमध्ये यादीच नसेल, तर प्रस्ताव गेटवेच्या २०० ओके या स्वीकृतीच्या संदेशातून येतो आणि फोनचे उत्तर एसीके या पोचीच्या संदेशात असते; अशा वेळी प्रस्ताव कोणाचा, हे आधी ओळखावे, नाहीतर दोष भलत्याच यंत्राच्या माथी जातो.

जी.७२९ ठेवायचाच असेल, तर 'अ‍ॅनेक्सबी' (बोलणे थांबले असताना पॅकेटे कमी करण्याची सोय) दोन्हीकडे सारखे आहे का, ते तपासावे. ही ओळ गाळली, तर तिचा अर्थ 'होय' असा धरला जातो, आणि नेमके हेच अनेकांच्या नजरेतून सुटते. शिवाय या कोडेकमधून बटणांचे सूर विकृत होतात, म्हणून यादीत 'टेलिफोन-इव्हेंट' (दाबलेले बटण सुराऐवजी वेगळ्या पॅकेटांतून कळवण्याची सोय) असावेच. फॅक्ससाठी मात्र टी.३८ ही आयपीवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत किंवा जी.७११ वापरावा.

शेवटी कॉल चालू असताना दोन्ही दिशांच्या आरटीपी पॅकेटांतील पेलोड क्रमांक (वर दिलेले ०, ८, १८ यांसारखे आकडे) ठरलेल्या कोडेकशी जुळतात का, ते पाहावे.